मेकॅनिकल ठरलं, आता कॉलेज कोणतं?

बाबा (परभणी): सगळ्यांना नमस्कार. छोटीला सीईटीला ९३ पर्सेंटाइल आलेत, हे तुम्हाला माहीतच आहे. तिला मेकॅनिकलच करायचंय. परवा संध्याकाळपर्यंत ऑप्शन फॉर्म लॉक करायचाय. घरात तीन नावांवर चर्चा चालू आहे: संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, नांदेडचं गुरु गोबिंद सिंघजी आणि पुण्यातलं एक खासगी कॉलेज. ज्याला जे माहीत आहे ते मोकळेपणानं सांगा.

मोठे काका: लेकरानं नाव काढलं. पण मेकॅनिकल कशाला? पोरीला ते ऑइल-ग्रीसचं काम जमंल का? एवढ्या मार्कांवर कुठंतरी कॉम्प्युटर मिळंल की.

छोटी: काका, मागच्या उन्हाळ्यात विहिरीवरचा पंप बंद पडला होता, आठवतंय ना? मिस्त्रीकाकांनी तो उघडला तेव्हा मी दिवसभर तिथंच बसले होते. इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं फिरतं चाक, एका बाजूनं झिजला होता. तो तसाच का झिजला, हे त्यांनी मला पाणी आणि गाळ दाखवून समजावलं. त्या दिवशीच ठरलं माझं. कॉम्प्युटर वाईट नाही, पण मला हेच शिकायचंय.

लातूरची आत्या: दोन वर्षं माझ्याकडं राहून शिकली आहे, मला विचारा. फिजिक्सचं पुस्तक उशाला घेऊन झोपायची. घेऊ द्या तिला मेकॅनिकल.

नांदेडचे मामा: मग प्रश्नच मिटला. इकडंच टाका लेकराला. गुरु गोबिंद सिंघजी, म्हणजे विष्णुपुरीचं कॉलेज, १९८१ पासूनचं आहे, स्वायत्त आहे, मोठा कॅम्पस आहे, मुलींचं हॉस्टेल आतच आहे. परभणीहून रेल्वेनं दीड तासाच्या आत. शनिवारी घरी, सोमवारी वर्गात. पुण्याला पाठवून महिन्याला खोलीचं भाडं, मेसचं बिल कशाला भरायलेत उगी?

बाबा: मामा, पुण्याच्या कॉलेजची इमारत बघून आलो मी. फार चकाचक आहे हो. सेमिनार हॉलच केवढा मोठा!

वाळूजचा दादा: काका, इमारतीचं सोडा, वर्कशॉप बघितलं का? सविस्तर लिहितो, जरा लांब होईल.

मी १४ वर्षं मशीन शॉपला आहे. गेली काही वर्षं नवीन पोरापोरींच्या मुलाखती घेतो. कॉलेजचं नाव आम्ही विचारतो, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या मिनिटाला मी टेबलावर एक ड्रॉइंग ठेवतो. साधा जॉब, म्हणजे मशीनवर करायचा भाग असतो, एक बोअर (आतून कोरलेलं गोल भोक), दोन फेस, चार ड्रिल. बोअर २५ मिलिमीटरचा आणि पुढं एच७ लिहिलेलं असतं. विचारतो, याचा अर्थ काय? अर्थ असा की बोअर २५ च्या खाली जाता कामा नये आणि वर जास्तीत जास्त २१ मायक्रॉन. मग विचारतो, हा जॉब कशात पकडशील, आधी काय करशील, कशानं मोजशील? ज्यानं लेथवर स्वतः हात काळे केलेत ते लेकरू बोलायला लागतं. ज्यानं चार वर्षं नुसत्या जर्नलमध्ये आकृत्या उतरवल्यात ते गप्प बसतं, मग सीजीपीए नऊ असू दे नाहीतर साडेनऊ. मागच्या वर्षी आमच्या शेजारचा मुलगा आला होता. लाखांनी फी भरून शिकलेला. म्हणाला, आमच्या कॉलेजात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन होतं पण त्यावर कव्हर टाकलेलं असायचं, सर लांबून दाखवायचे. त्या पोराची काय चूक? मला फार वाईट वाटलं.

म्हणून माझं मत संभाजीनगरच्या शासकीयला. १९६० पासूनचं कॉलेज आहे, स्टेशन रोडला. पण जुनं आहे म्हणून सांगत नाही. बजाजचा कारखाना १९८५ ला इथं शेजारी वाळूजला सुरू झाला, मग त्याला सुटे भाग पुरवणारे आले, त्यांना डाय-मोल्ड पुरवणारे आले, हीट ट्रीटमेंटवाले आले. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, शेंद्र्याला स्कोडा, आणि आता शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिक गाड्यांची गुंतवणूक यायली. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला एवढं सगळं रिक्षाच्या अंतरावर असणं हे कोणत्याही सेमिनार हॉलपेक्षा मोठं आहे. सुट्टीत इंटर्नशिपला ये म्हटलं तर राहायची वेगळी सोय लावावी लागत नाही. मशीन बिघडलेलं बघायला मिळतं, आणि खरं शिक्षण बिघडलेल्या मशीनजवळच होतं. छोटीला विहिरीवर ते कळलंच आहे.

छोटी: दादा, हा मेसेज मी सेव्ह केला.

नांदेडचे मामा: तुझं म्हणणं पटतंय बाबा. नांदेडला वाळूजसारखी एमआयडीसी नाही, हे कबूल. पण पहिली दोन वर्षं गणित, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, थर्मोडायनॅमिक्स हेच पक्कं करायचं असतं. त्याला कॅम्पस, लायब्ररी आणि शांतता लागते. इंटर्नशिप तर सुट्टीत कुठंही जाऊन करता येते. एमटेकच्या प्रवेशाला लागणाऱ्या गेट परीक्षेची तयारी करायची असली तर नांदेड वाईट नाही.

वाळूजचा दादा: मामा, नांदेडला मी वाईट म्हणतच नाही. पुण्याच्या त्या खासगी कॉलेजच्या वर नांदेड, यात मला शंका नाही. माझा आग्रह फक्त पहिल्या नंबरासाठी आहे.

मोठे काका: पण पुढं नोकरी मिळाली नाही तर? सगळे म्हणायलेत मेकॅनिकलला पगार कमी.

वाळूजचा दादा: काका, सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असतो, ते खरं आहे. पाच-सात वर्षांनी, डिझाइनमध्ये किंवा टूलिंगमध्ये हात बसला की चित्र बदलतं. आणि स्वायत्त कॉलेजात आता मुख्य पदवीबरोबर दुसऱ्या शाखेचा मायनर, म्हणजे छोटा जोडअभ्यासक्रम, घेता येतो. मेकॅनिकल करून कॉम्प्युटरचा किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा मायनर घेतला तर इलेक्ट्रिक गाडीच्या कामाला तेच लागतं. तिथं मोटर, बॅटरीचं कूलिंग आणि कोड हे एकाच टेबलावर येतात.

पुण्याची ताई: आत्ता बघितलं. मी दोन वर्षांपूर्वी या फेऱ्यांमधून गेले आहे, आणि फॉर्मच्या नियमात लोक फसतात, म्हणून आधी तेवढंच. २०२५ पासून कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत तुझा पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही लागलं तरी तसंच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. घेतला नाहीस तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळं पहिल्या सहात असं एकही कॉलेज टाकू नकोस जिथं तुला जायचंच नाही. तरी फॉर्म भरण्याआधी या वर्षीची माहितीपुस्तिका एकदा स्वतः वाच.

बाबा: मग वरती पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय टाकावं का? तिथं ९३ ला मिळायचं नाही. फुकट जागा अडेल ना?

पुण्याची ताई: नाही काका, जागा अडत नाही. प्रत्येक पर्याय मेरिटनं वेगळा तपासला जातो. वरचा लागला नाही तर खालच्याचा हक्क कमी होत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की ती दोन्ही वर टाकली तर संभाजीनगर तिसऱ्या नंबरावर जाईल. मग पहिल्या फेरीत ते लागलं तरी सक्ती नाही. पण हातची जागा सोडायची नाही, ते स्वीकारायचं आणि हवं तर बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत वरचा पर्याय लागतो का ते बघायला, थांबायचं.

आणि मागच्या वर्षीची कट-ऑफची यादी बघताना कोडचं शेवटचं अक्षर बघ. एस म्हणजे राज्यस्तरीय, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची. तू बारावी लातूरहून केलीस, म्हणजे तुझं होम युनिव्हर्सिटी नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. पुण्यातल्या खासगी कॉलेजात तू ओ मध्ये धरली जाशील आणि त्या जागा कमी असतात. त्या कॉलेजनं बाबांना जो कट-ऑफ सांगितला तो एच चा आहे का ते आधी विचारा.

बाबा: हे तर त्यांनी सांगितलंच नव्हतं.

लातूरची आत्या: फीचं काय? मुलींना फी माफ आहे म्हणतात ना?

पुण्याची ताई: हो आत्या. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के माफी आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. पण प्रवेश कॅपमधूनच झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. अभिमत आणि स्वयं-अर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना तो लागू नाही. आपल्याकडं खूप पालक नावात ‘युनिव्हर्सिटी’ बघून खूश होतात आणि नंतर कळतं की माफी बसत नाही. हॉस्टेल-मेस मात्र या माफीत येत नाही, तो हिशोब वेगळा धरा.

मोठे काका: हे महत्त्वाचं सांगितलंस बाई. माझ्या मित्राच्या पोरीला मी लगेच पाठवतो.

छोटी: दादा, प्रत्यक्ष बघायला गेले तर काय विचारू?

वाळूजचा दादा: रविवारी जाऊ नकोस, कामाच्या दिवशी जा. ऑफिसात न जाता सरळ वर्कशॉपकडं चालत जा. लेथखाली ताजी चिप, म्हणजे धातूचा कीस, पडलेली आहे का बघ. तेवढ्यावरून निम्मं कळतं. मटेरियल लॅबमध्ये युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन असतं, त्याचं लॉगबुक मागून बघ, शेवटची तारीख कधीची आहे. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ आणि विचार, लेथवर स्वतः जॉब केला का, की चारजणांत एकानं केला आणि बाकीच्यांनी सह्या केल्या? बाहाची, म्हणजे विद्यार्थ्यांनी गाडी बनवायच्या स्पर्धेची टीम आहे का, त्यात मुली वेल्डिंगला असतात की फक्त प्रेझेंटेशनला? शिक्षक किती कायम आणि किती तासिका तत्त्वावर? प्लेसमेंटच्या फलकावर सगळ्यात मोठा आकडा लिहितात, तो बघू नकोस. मेकॅनिकलच्या किती मुलांना मेकॅनिकलमध्येच काम मिळालं, तेवढंच विचार. हे सगळं संभाजीनगरलाही विचार बरं का. मी सुचवलं म्हणून तिथं सूट नाही.

नांदेडचे मामा: आणि नांदेडलाही. उद्या सकाळच्या गाडीनं ये, मी स्टेशनावर येतो. दुपारपर्यंत कॉलेज बघू, मामीच्या हातचं जेवू.

*(दुसऱ्या दिवशी रात्री)*

छोटी: आज मामांबरोबर नांदेड बघून आले. थर्मल लॅबमध्ये तिसऱ्या वर्षाची एक ताई इंजिनची टेस्ट घेत होती, तिनं मला इंजिनची ताकद मोजणाऱ्या डायनामोमीटरचं रीडिंग स्वतः घ्यायला दिलं. खूप आवडलं कॉलेज. मामा, खरंच. संभाजीनगरला जायला वेळ राहिला नाही, पण दादानं तिथल्या दोन विद्यार्थिनींशी फोनवर बोलणं करून दिलं. अर्धा तास बोलले. दोघींनी वर्कशॉपमध्ये स्वतः जॉब केलेत, एकीनं उन्हाळ्यात वाळूजला महिनाभर गेज बनवण्याच्या खात्यात काम केलं.

फॉर्म असा भरतेय, सगळीकडं फक्त मेकॅनिकल: सीओईपी, व्हीजेटीआय, संभाजीनगर शासकीय, नांदेड, मग कराड शासकीय आणि अमरावती शासकीय. पुण्याचं खासगी कॉलेज पहिल्या सहात टाकत नाही. बाबांशी बोलले, ते हो म्हणालेत.

बाबा: हो. सेमिनार हॉलचा विषय मी मागं घेतला.

नांदेडचे मामा: चौथा नंबर दिलास, चालतंय. लागलं तर हॉस्टेलच्या अर्जाचं मी बघतो. नाही लागलं तरी तपोवन एक्सप्रेस परभणीवरूनच संभाजीनगरला जाते, डबा पाठवीन.

पुण्याची ताई: लॉक करण्याआधी प्रिंट काढून प्रत्येक कोड माहितीपुस्तिकेशी जुळवून बघ. आणि काका, नॉन-क्रीमीलेयर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपली असेल तर नवीन लागेल. आहे का?

बाबा: आत्ता कपाट उघडून बघितलं, मागच्या वर्षीचं आहे. उद्या सकाळी उघडल्याबरोबर सेतूत जाऊन अर्ज देतो. छोटी, तुझी टीसी आणि माझा उत्पन्नाचा दाखला आजच फाइलीत काढून ठेव.