मदत हवी आहे: गिटारवर पाचव्या फ्रेटचा हार्मोनिक गायब

तुटकीतार
ए तारेवर बाराव्या फ्रेटला बोट टेकवून छेडलं की घंटीसारखा स्वच्छ हार्मोनिक (तार न दाबता निघणारा वरचा स्वर) येतो. सातव्यालाही येतो. पाचव्याला मात्र नुसतं ‘ठक्’, मागे काहीतरी पोकळ. डिले (आवाजाचे पडसाद देणारं पेडल) लावला की उरलंसुरलंही जातं. डिलेचं सेटिंग काय ठेवू? बोट बरोबर आहे, ते कृपया सांगू नये. परवा वाजवायचंय, जरा पटापट सांगा.

खर्जाचा गडी
सांगू नका म्हणालात तरी सांगतो. बोट दोन फ्रेटच्या मधल्या जागेत नाही, बरोबर धातूच्या पट्टीच्या वर हवं. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं आणि छेडल्याबरोबर उचलायचं. बाराव्याला थोडं इकडेतिकडे झालं तरी खपतं, पाचव्याला अजिबात नाही.

तुटकीतार
वर काय लिहिलंय?

उपद्व्यापी
तारा बदला, हाकानाका. घामाने काळ्या पडलेल्या तारांत वरचे स्वर आधी मरतात.

मंद्रसप्तक
गिटार अकूस्टिक की इलेक्ट्रिक?

तुटकीतार
डिले म्हटलं म्हणजे इलेक्ट्रिकच ना! तारा नव्या आहेत.

मंद्रसप्तक
डिले अकूस्टिकलाही लावतात, मालक. बरं, पिकअप (तारेचं हलणं टिपून अ‍ॅम्पला देणारे, तारांखालचे) किती आणि सिलेक्टर (कुठला पिकअप चालू ते ठरवणारा स्विच) कुठे असतो? आणि एक करा, अ‍ॅम्प बंद ठेवून लाकडाला कान लावा आणि पाचव्याचा हार्मोनिक वाजवा. येतो का?

पेडलवाला
एवढं कशाला? कॉम्प्रेसर घ्या. बारीक आवाज उचलून धरतो, हार्मोनिकसाठी त्याच्यासारखं काही नाही. मी कॉम्प्रेसरशिवाय गिटार हातातच घेत नाही.

तुटकीतार
कान लावून ऐकलं. चक्क येतोय! तीन सिंगल कॉइल पिकअप आहेत, २२ फ्रेट. कायम नेक पिकअपवरच (फ्रेट संपतात तिथला) वाजवतो, गोल आवाज लागतो म्हणून. पण त्याचा काय संबंध?

मंद्रसप्तक
तोच तर संबंध. पाचव्या फ्रेटला बोट टेकवता तेव्हा तार चार सारख्या भागांत हलते. तिचे निस्पंद बिंदू, म्हणजे जिथे तार जवळजवळ हलतच नाही त्या जागा, तीन: पाचवा फ्रेट, बारावा फ्रेट आणि ब्रिजपासून (गिटारची घोडी) पाव लांबीवर. २४ फ्रेट असते तर चोविसावा त्या तिसऱ्या जागी आला असता. तुमच्याकडे फ्रेट २२, त्यामुळे नेक पिकअप साधारण तिथेच बसलाय. तार जिथे स्थिर आहे तिथे पिकअपला ऐकू काय येणार? बाराव्याच्या हार्मोनिकला तार दोन भागांत हलते आणि नेमक्या याच जागी सगळ्यात जास्त हलते, म्हणून तो ठणठणीत. सातव्याला तीन भाग, तोही पुरेसा मिळतो. स्विच मधल्या नाहीतर ब्रिज पिकअपवर टाका.

पेडलवाला
तरी माझं म्हणणं, कॉम्प्रेसरने फरक पडतोच.

मंद्रसप्तक
पिकअपने उचललंच नाही ते कॉम्प्रेसर कुठून आणणार? शून्याला कितीही फुगवा. फार तर घरघर मोठी होईल.

पेडलवाला
शून्य कसं? पिकअपला काही रुंदी असते. थोडं तरी उचलतोच.

मंद्रसप्तक
उचलतो, पण बिंदूच्या अलीकडची तार वर तर पलीकडची खाली, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं ते तुटकीतार यांना ऐकू येणारं ‘पोकळ काहीतरी’.

जवारीवेडा
हेच तत्त्व छेडण्यालाही लागू आहे. तार ज्या बिंदूवर छेडाल तिथे ज्या हार्मोनिकचा निस्पंद असेल तो उमटत नाही, हा थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाचा जुना नियम. म्हणून तर ब्रिजजवळ छेडलं की आवाज चिरका आणि मधोमध छेडलं की गोड, गुळगुळीत. पण तंबोरा हा नियम धाब्यावर बसवतो! सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर लिहिताना हेच दाखवलं, की जे हार्मोनिक यायला नकोत तेही ऐकू येतात. कारण घोडी. तिचा माथा रुंद आणि किंचित गोलसर, त्यावर तार सारखी घासत, सुटत राहते. खाली सुताचा दोरा सरकवत न्या, एका जागी तार अचानक ‘उघडते’ आणि एकाच तारेतून स्वरांची झुंबड बाहेर पडते. केसभर पुढे गेलात की पुन्हा मुकी. तुमच्या पेडलांच्या ओळीत हे कुठे मिळणार?

उपद्व्यापी
+१, पण धागा गिटारचा आहे.

तुटकीतार
ब्रिजवर टाकला, आला! पण तो पिकअप फार कर्कश आहे. नेकवरच राहून तो स्वर मिळणार नाही का? बाराव्याला दाबून उजव्या हाताने चोविसाव्याच्या जागी टेकवला तर?

मंद्रसप्तक
नाही. त्याच तारेवर तोच स्वर हार्मोनिकने कसाही काढा, निस्पंद तिथेच पडतो. तार बदला. डी तारेवर सातव्या फ्रेटचा हार्मोनिक घ्या. ए चा पाचवा ४४० हर्ट्झ, डी चा सातवा जवळजवळ तोच, आणि नेक पिकअपला व्यवस्थित ऐकू येतो. नाहीतर ब्रिजवर राहून टोनचा नॉब उतरवा. ४४० तसा फार वरचा नाही, टिकेल.

खर्जाचा गडी
रच्याकने, मी याच दोन हार्मोनिकवर गिटार लावतो. ट्यूनर वगैरे थेरं नाहीत.

जवारीवेडा
मग तुमची गिटार बेसूर असणार. सातव्याचा हार्मोनिक शुद्ध पंचम देतो, फ्रेट मात्र सप्तकाचे बारा समान स्वरांतरांचे भाग करून बसवलेले. दर जोडीला दोन सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक, आणि तो साचत जातो. शिवाय जी आणि बी या जोडीला ही युक्ती चालतच नाही.

खर्जाचा गडी
आजवर कुणी तक्रार केली नाही.

नवखा वादक
पिंच हार्मोनिकची किंचाळी हवी असेल तर पिक अगदी टोकाशी धरा, छेडता छेडता अंगठ्याची कड तारेला लागू द्या. आणि डिस्टॉर्शन भरपूर.

तुटकीतार
किंचाळी कुणी मागितली? डी तारेवरून घेतोय, जमलं. मंद्रसप्तक, आभार. पण डिलेचं कुणी सांगितलंच नाही.

पेडलवाला
आता आलात माझ्याकडे. ६०००० भागिले टेम्पो, म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद. त्याचा पाऊण घ्या. टेम्पो १२० असेल तर ३७५. फीडबॅक कमी ठेवा, दोन-तीन पडसाद पुरे, नाहीतर हार्मोनिक एकमेकांत कालवतात. तुमचा टेम्पो किती?

तुटकीतार
नेहमीचाच हो, मध्यम.