जुन्या सायकलीला मोटर बसवून विकायची, महिन्याला काही सुटतं का?

मिरजेचा_वायरमन

नमस्कार मंडळी. वय २७, आयटीआय वायरमन, कुपवाड एमआयडीसीत कामाला. पगार १६ हजार, त्यातले साडेचार भाड्यात जातात. रविवार मोकळा असतो आणि घराशेजारी पत्र्याची शेड रिकामी आहे. डोक्यात असं आहे की जुन्या सायकली घ्यायच्या, मोटर बसवायची आणि इथेच आसपास विकायच्या. व्हिडिओत तर सगळे एका दुपारी सायकल तयार करून पळवतात. पेट्रोलचं ८० सीसीचं किट घ्यावं की बॅटरीचं? एका सायकलमागे खरंच किती उरतात? आणि गिऱ्हाईक कुठून येतं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. "मोठा विचार कर, कंपनी काढ" वाल्यांना आधीच नमस्कार.

लूनाप्रेमी

पेडल मारायचं, इंजिन सुरू करायचं, चढ आला की परत पेडल मारायचं. १९७२ ला लूना आली तेव्हाच हे सगळं करून झालंय राव. फक्त तिला पासिंग होतं.

जॉबर_इचलकरंजी

मी केलंय. अडीच वर्षांत २३ सायकली. आधी मागावर जॉबर (माग दुरुस्त करणारा) होतो, कान गेले म्हणून काम सोडलं, आता हेच आणि जोडीला पंखे-मोटारी रिवाइंडिंग. तू माझ्या पोराच्या वयाचा आहेस म्हणून एकेरी लिहितो, राग मानू नको.

पेट्रोलचा विषय आधी संपवतो. ८० म्हणून विकतात ते इंजिन मोजलं तर ६६ सीसी भरतं. कायद्यात २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाला सूट आहे, त्याच्या वर गेलास की ती मोटारगाडी झाली. मग पासिंग, विमा, लायसन सगळं आलं, आणि घरी बसवलेल्या इंजिनाला पासिंग कोण देणार? शिवाय धूर, आवाज, आणि ब्रेक मात्र सायकलचेच. मी एक बसवलं होतं. चेन तुटून मागच्या चाकात अडकली, चार तारा घेऊन गेली. सोडून दे.

आता बॅटरीची. मोटर ३६ व्होल्ट, २५० वॅट, चाकाच्या मधल्या भागात, म्हणजे हबातच बसणारी. व्हिडिओत दाखवत नाहीत ती पहिली गंमत ऐक. आपल्या काळ्या सायकलीला पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०. मोटरच्या हबला भोकं ३६. म्हणजे रिम बदलायची, तारा आखूड करून आटे पाडून घ्यायच्या, मग चाकाची आऊट (वाकडेपणा) काढायची. माझी पहिली तीन चाकं अंड्यासारखी झाली होती. शेवटी गावातल्या जुन्या सायकलवाल्याला चाकामागे २०० रुपये ठरवले, तो बिडी संपायच्या आत आऊट काढतो. काळ्या सायकलीचे दांड्याचे ब्रेक पण २५ च्या वेगाला पुरत नाहीत. म्हणून २६ इंची गिअरवाली फ्रेम शोध, तिला बहुतेक ३६ तारांची चाकं असतात.

दुसरी गंमत माझ्या अंगाशी आली. मोटर जेवढी चाक पुढं ढकलते तेवढाच तिचा अॅक्सल (मधला दांडा) उलटा फिरायला बघतो. नुसत्या नटवर भरवसा ठेवला तर एक दिवस अॅक्सल खाचेतून निसटतो, गोल फिरतो आणि सगळ्या वायरी पिळून तोडतो. माझ्या मेव्हण्याला कबनूरच्या रस्त्यावर हे झालं, दात वाचले हेच नशीब. अॅक्सलच्या सपाट बाजू १० मिलिमीटर असतात. मी १० नंबरचा जुना फिक्स पाना अर्धा कापतो, अॅक्सलवर चढवतो आणि शेपूट फ्रेमला क्लॅम्पने आवळतो. बाजारात असा आधार तयार मिळतो, त्याच्यापेक्षा हा जास्त टिकतो. आणि अॅल्युमिनियमच्या फोर्कात (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) पुढच्या चाकाची मोटर कधी बसवायची नाही. गिऱ्हाईक कितीही गळ्यात पडू दे.

पैशाचं आता खरं सांगतो. मला पडतं ते असं: किट ६८००, बॅटरी ३६ व्होल्ट १० अँपिअर-तासाची ९५००, जुनी सायकल १८००, टायर-ट्यूब-ब्रेक ९००, वायर, फ्यूज, डबा वगैरे ५००. झाले साडेएकोणीस हजार. विकते २३ ला, तीही रडतखडत. म्हणजे दोन रविवारच्या मजुरीचे साडेतीन हजार, आणि तोवर साडेएकोणीस शेडमध्ये उभे. आणि २३ हजारात माणसाला जुनी स्प्लेंडर मिळते की रे! मला वाटलं होतं मागावरचे कामगार घेतील, रातपाळीला सायकलवरच येतात. एकानेही घेतली नाही. घेतली कोणी? गुडघे गेलेल्या रिटायर माणसांनी, यड्राव-तारदाळकडून पोरगी कॉलेजला पाठवणाऱ्या दोन घरांनी, आणि एका खारी-बटर विकणाऱ्या चाचांनी.

चाचांमुळेच शहाणा झालो. त्यांची बॅटरी मी स्वतः केली होती, जुन्या लॅपटॉपच्या सेलची, म्हटलं चार हजार वाचतील. दहा सेल ओळीत लावले की ३६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४२. पण जुने सेल सारखे नसतात. त्यातला एक गट आधी उतरतो आणि बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) सगळीच बॅटरी बंद करते. मीटरवर अर्धी भरलेली दिसते आणि सायकल मेलेली. चाळिसाव्या दिवशी सकाळी चाचा पंचगंगेच्या पुलापासून पत्र्याच्या पेटीसकट सायकल ढकलत माझ्या दारात. शिवी नाही, काही नाही. चहा प्याले आणि म्हणाले, "माल नरम पडला." नवीन बॅटरी घरातून घालून दिली. त्या सायकलीत मला पाच हजार तोटा आहे.

तेव्हापासून विकायला सायकल करत नाही. गिऱ्हाईक स्वतःची सायकल आणतं, सामानाचे पैसे आधी देतं, मी मजुरी २५०० घेतो. माझा रुपया अडकत नाही. भंगारातून सायकल घ्यायची वेळच आली तर विकणाऱ्याकडून सहीची चिठ्ठी आणि आधारची झेरॉक्स घे. चोरीची निघाली तर तुझ्या शेडमध्ये सापडेल.

मिरजेचा_वायरमन

काका, डोळे उघडले. एक विचारतो, एका चार्जिंगला किती जाते? आणि लोक ३५-४० चा स्पीड मागतात, ते कसं करायचं?

वेताळटेकडी

मी पुण्यात एआरएआयच्या (वाहनं तपासणारी संस्था) बाजूलाच राहतो, कामही वाहनांच्या कागदपत्रांचंच. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम २(यू) बघा. मोटरची तीस मिनिटांची पॉवर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ पेक्षा कमी असेल तर ती मोटारगाडी धरत नाहीत. पण एक अट लोक वाचतच नाहीत: हे नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेने तपासून मंजूर केलेलं असलं पाहिजे. एआरएआय त्यातलीच एक. घरी जोडलेल्या सायकलीकडे तो कागद नसतो. "लायसनची गरज नाही" अशी पाटी लावून विकणारा उद्या अपघात झाला की काय सांगणार?

जॉबर_इचलकरंजी

वेताळटेकडी बरोबर सांगतायत. माझ्याकडेही असा कागद नाही. सुरुवातीला मीही "बिनधास्त चालवा" म्हणून विकल्यात, आता गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो की कंपनीच्या सायकलीला असतो तो कागद हिला नाही. ऐकून निम्मे परत जातात. जाऊ देत.

स्पीडचं: मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरमधून वायरींची एक जोडी बाहेर आलेली असते, जोडली की वेगाला लगाम, सोडली की ३२-३५ पळते. ती मी जोडून, उष्णतेने आवळणारी नळी घालून बंद करतो. सोडून द्या म्हणणाऱ्याला सांगतो, त्याच पैशात स्प्लेंडर घ्या.

चार्जिंगचं गणित सोपं आहे. ३६ गुणिले १०, म्हणजे ३६० वॅट-तास. नुसता थ्रॉटल पिळत गेलास तर किलोमीटरला १२-१३ वॅट-तास खाते, म्हणजे सपाटीला २८ किलोमीटरच्या आसपास. पेडल मारलं तर चाळिशी गाठते. वीज अर्धा युनिट. रात्री जिन्याखाली, दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नका हे प्रत्येकाला सांग. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता तोच असतो.

आता तुझ्यासारख्या वायरमनला खरा धंदा कुठे आहे ते. कंपनीच्या ई-सायकली लोकांनी घेतल्या, त्यांची वॉरंटी संपली आणि दुकानदार "आख्खा कंट्रोलर बदला" म्हणतो. निम्म्या वेळा आत कनेक्टर गंजलेला असतो, नाहीतर ब्रेकच्या लिव्हरमधला स्विच अडकून मोटर बंद पडलेली असते. दहा मिनिटांचं काम, ३०० रुपये. पावसाळ्यात माझ्याकडे आठवड्याला तीन-चार येतात. ह्याला भांडवल म्हणजे मल्टिमीटर, सोल्डरिंग आणि तुझे हात. त्या सायकलींना कागद आधीच असतो, आपण फक्त दुरुस्त करायची. महिन्याला चार-पाच हजार मला ह्यातून सुटतात, नवीन सायकलीतून कधीच सुटले नाहीत.

मिरजेहून काय लांब नाही. व्यनि (खाजगी निरोप) कर, पत्ता देतो, पुढच्या रविवारी ये. एक फ्रेम उलटी टांगून ठेवली आहे, चाक तूच बसव. येताना १० नंबरचा जुना पाना मिळाला तर घेऊन ये, माझ्याकडचे संपलेत.