साठीनंतर दोघांनी सेवेला जावं का? बोलावणं तिला आलंय, मला नाही

सर्वांना सलाम.

मी पश्चिम रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालो. वय 62, मुक्काम अमळनेर. आमची मंडळी (घरातली, चर्चमधली नव्हे) 59 वर्षांची. सरकारी दवाखान्यात नर्स होती, गेल्या वर्षी सुटली.

नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी सुरत लायनीवर, नंदुरबार ते नवापूरच्या पट्ट्यात काढली. दिवाळी झाली की आसपासच्या पाड्यांवरची माणसं बोचकी, कोंबड्या, लेकरं घेऊन प्लॅटफॉर्मवर येऊन बसायची. ऊसतोडीला निघालेली, व्यारा-बारडोलीकडे. कधी कधी रात्रभर. ही ड्यूटीवरून आली की क्वार्टरमधून पाणी नि भाकरी घेऊन जायची, मग तिथंच बसून त्यांच्यातल्या बायांबरोबर प्रभू येशूची गाणी म्हणायची. मी आत गाड्यांना लाइन क्लिअर देत बसलेला. खिडकीतून ऐकू यायचं, एवढाच माझा सहभाग.

आता ती म्हणते, प्रभूनं सेवेला बोलावलंय, दोन वर्षं नवापूर तालुक्यातल्या एका गावात जाऊन राहायचं. तिथं पंधरा-सोळा कुटुंबांची लहानशी मंडळी आहे (ही चर्चची). पाळक (चर्चचे धर्मगुरू) महिन्यातून एकदा येतात, प्रार्थनाघरामागे एक खोली रिकामी आहे. पैसे कोणाकडून घ्यायचे नाहीत, दोघांचं पेन्शन पुरतं. अमळनेरचं घर कुलूप लावून ठेवायचं.

माझी अडचण अशी. मला चारचौघांत मोठ्यानं प्रार्थनासुद्धा करता येत नाही, घसा कोरडा पडतो. बायबलमधलं वचन सांगणं तर दूरच. साखर आहे, गुडघे कुरकुरतात. एका संस्थेला फोन केला होता, त्यांनी वय विचारलं आणि पुन्हा फोन उचलला नाही. पुण्याचा मुलगा म्हणतो, पप्पा, आता इकडे या, नातू तुम्हाला विचारतो.

हिला हे सगळं सांगितलं. भाकर थापता थापता म्हणाली, "तुम्हले येनं नही व्हई ते ऱ्हावा घर. मी जास." चौतीस वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती.

नुसतं बायकोमागे जाणं ही सेवा होते का? आणि ज्यांनी या वयात केलंय त्यांनी व्यवहाराचंही सांगावं.

धडगावची बाई:

भाऊ, सलाम. मी नि आमचे हे, दोघंही शिक्षक, निवृत्तीनंतर अक्राणीत सहा वर्षं राहिलो. व्यवहाराचं आधी सांगते, आध्यात्मिक सांगायला पाळक आहेत.

दिवाळीनंतर जाऊ नका. आम्ही डिसेंबरात मोठ्या उत्साहानं गेलो, तर पाड्यावर म्हातारी माणसं, कुत्री आणि कड्या लावलेली दारं. बाकी गाव उसावर. होळीला माणसं परततात, पण तेव्हा कोणाला तुमच्यासाठी वेळ नसतो. मिरगाच्या आधी जा. पेरणीत माणूस घरी सापडतो आणि तुम्हालाही कामाला लावतो.

पहिले सहा महिने काही शिकवायचं नाही. ऐकायचं. नवापूरकडे मावची चालते, तुमची मराठी नि अहिराणी दोन्ही तिथं परक्या. बायका तुमच्याशी मराठीत बोलतील, पण रडतील मावचीत.

जागा घेऊन घर बांधायचा मोह होतो, तो धरू नका. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही, आणि तशी ती घेऊही नये. खोली आहे ना, पुष्कळ झालं.

आता तुमच्या मिसेसबद्दल, हे जरा स्पष्ट बोलते. नर्स म्हटल्यावर सकाळी सहाला दारात माणसं येतील. बीपी बघा, सिकलसेलची तपासणी करून घ्यायला लावा (नंदुरबारकडे तो आजार पुष्कळ आहे), बाळंतिणीला वेळेत दवाखान्यात पाठवा. पण खोलीत सलाईन लावायचं नाही. आणि औषध नि प्रार्थना एका पिशवीत न्यायची नाही. गोळीनं ताप उतरला की माणूस उपकाराखाली येतो. त्या ओझ्याखाली तो "हो" म्हणाला, तर तो विश्वास नव्हे आणि बाहेरून बोट दाखवणाऱ्यालाही कारण मिळतं. घटनेच्या कलम 25 नं आपल्याला धर्म सांगायची मोकळीक दिलीय, तशीच समोरच्यालाही त्याचा धर्म पाळायची दिलीय.

राहिलं तुमचं. भाऊ, स्टेशन मास्तरला कागद वाचता येतो! जातीचा दाखला, आधारातली चुकलेली जन्मतारीख, बँकेचं थांबलेलं खातं. आमच्या ह्यांनी सहा वर्षांत एकही प्रवचन केलं नाही, पण रविवारी उपासना संपली की लोक प्लास्टिकच्या पिशवीतले कागद घेऊन त्यांच्याचकडे जायचे.

पुण्यातला एक मुलगा:

तुमच्या मुलाच्या बाजूनं लिहितो. माझे आईबाबा असेच गेले होते. बाबांना रात्री छातीत दुखलं, जीप मिळेपर्यंत दीड तास. वाचले. मी अजून पूर्ण शांत झालेलो नाही.

मुलाची परवानगी मागू नका, कारण "जा" असं तो कधीच म्हणणार नाही. पण त्याच्या हातात काहीतरी द्या. गोळ्यांची यादी, रेल्वेच्या मेडिकल कार्डाची प्रत, गावातल्या दोन माणसांचे नंबर, आणि आठवड्याचा एक ठरलेला फोन. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला घरी या, मोबाईलवरून होतो म्हणून टाळू नका. तेवढ्यानं नातवाची भेट होते.

माळकरी:

राम कृष्ण हरी. मी ख्रिस्ती नाही, पण गाववाला आहे म्हणून लिहितो.

सौ. मुक्ताईच्या पालखीबरोबर मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी जाते. मी नास्तिक नाही, आळशी आहे. पहिल्या वर्षी तिच्या काळजीनं गेलो आणि दिंडीच्या पाण्याच्या टँकरवर बसलो. आज नववं वर्ष, अजून टँकरवरच आहे. मला कोणी विचारलं नाही की तुला बोलावणं आलं होतं का.

एक मात्र मनापासून. पाड्यावरच्या माणसाला त्याचे देव आहेत, त्याची होळी आहे. तुमचं तुम्ही सांगा, पण त्याचं वाईट आहे असं म्हणू नका. आमच्यातलेही काही तिथं जाऊन असंच करतात, म्हणून तुम्हालाही सांगायचा हक्क घेतो.

निवृत्त पाळक:

दोघांना एकाच दिवशी बोलावणं येतं, असं कुठं आहे? कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षं त्या घरानं काय सोसलं ते आपल्याला ठाऊक आहे. आणि 1917 साली टिळकांनी मिशनचं काम सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तेव्हा त्यांचं वय पंचावन्नच्या पुढं होतं. ती संस्था फोन उचलत नाही तर राहू द्या.

बायबलमधलं अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं तंबू शिवायचं. तुम्ही फॉर्म भरा. फक्त तिथल्या पाळकाचे साहेब होऊ नका. निवृत्त अधिकाऱ्याला ती खोड असते, मलाही होती.

मूळ प्रश्नकर्ता:

सर्वांचे आभार. हिला सगळं वाचून दाखवलं. टँकरवाल्या भाऊंचं दोनदा वाचायला लावलं आणि माझ्याकडे बघून हसली.

मुलाशी बोललो. तो चिडला, मग म्हणाला यादी पाठवा. मेच्या शेवटी आधी पंधरा दिवस राहून बघणार आहोत. हिनं आत्ताच दोन वेगळ्या पिशव्या काढून ठेवल्यात, एकीत बीपीचं मशीन, दुसरीत गाण्यांचं पुस्तक. माझ्या पिशवीत अजून फक्त स्टेपलर आणि चार बॉलपेन आहेत.

इथं मावची बोलणारं कोणी असेल, तर "गोळी जेवल्यावर घ्या" आणि "इथं सही करा" कसं म्हणायचं ते लिहा.