मदत हवी आहे: शनिवारी रात्रीची आर्सेनलची मॅच आणि रविवारी पहाटेची लांब राईड, दोन्ही कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची, सुदामानगरात राहते, बँकेत नोकरीला आहे. लांब पल्ल्याची सायकल आणि आर्सेनल हा लंडनचा फुटबॉल क्लब, या दोन्हींवर माझा सारखाच जीव आहे. एरवी दोन्ही सुखाने नांदतात, पण हिवाळा आला की दोन्ही एकाच रात्रीवर हक्क सांगतात. जाणकारांनी वाट दाखवावी म्हणून हा धागा.

अडचण घड्याळाची आहे. ऑगस्टमध्ये सीझन सुरू होतो तेव्हा इंग्लंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. शनिवारच्या मॅचेस तिकडे साडेबारा, तीन आणि साडेपाचला असतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी पाच, साडेसात आणि रात्री दहा. दहाची मॅच बाराच्या सुमारास आटोपते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मात्र तिकडे काटे एक तास मागे नेतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत ते तसेच राहतात. मग आपली शेवटची मॅच अकराला सुरू, संपायला एक. आणि माळव्यात सायकलचे दिवस कुठले? हेच! पाऊस गेलेला, रस्ते सुकलेले, पहाटे बोटं गारठवणारी थंडी आणि दिवसभर सोसवेल असं ऊन. मार्च संपला की इथे दहा वाजताच डांबर तापायला लागतं.

आम्ही तिघी दर रविवारी पाचला राजेंद्रनगरला भेटतो आणि राऊमार्गे महूकडे निघतो. या हिवाळ्यात मला २०० किलोमीटरची बीआरएम करायची आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ती शर्यत नसते. साडेतेरा तासांत अंतर पूर्ण करायचं, वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद घ्यायची, कोण पहिलं आलं याला काही अर्थ नाही. चहा, पंक्चर, जेवण सगळं धरून ताशी १५ चा वेग पडला तरी पुरतं. तेवढी ताकद माझ्या पायांत आहे. खरी अडचण झोपेची.

मागच्या हिवाळ्यात अकराच्या मॅचनंतर पहाटे निघाले होते. महू ओलांडलं आणि डोळे जड व्हायला लागले. मानपूरच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. मैत्रिणी चहा घेत बसल्या, मी हेल्मेट उशाशी ठेवून खाटेवर जी आडवी झाले ती थेट गाढ झोपले. जाग आली तेव्हा ढाब्यावरच्या आजींनी अंगावर घोंगडी घातली होती आणि खाटेखाली पाण्याचा तांब्या झाकून ठेवला होता. पुढे घाट, आणि त्या घाटात ट्रकांची रांग. मैत्रिणींनी एका शब्दात सांगितलं, परत फिरायचं. त्यांचं बरोबरच होतं.

आता म्हणाल, मॅच दुसऱ्या दिवशी बघ. तिथेच तर अडतं. माझा दादा पुण्यात असतो. २००३-०४ चा सीझन आम्ही दोघांनी रामबागेतल्या जुन्या घरी एकाच टीव्हीसमोर बसून काढला. ३८ मॅचेस, २६ विजय, १२ बरोबरी, हार एकही नाही. आर्सेनलच्या थिएरी आन्रीच्या पायाशी बॉल आला की दादा उठून उभा राहायचा. तेव्हापासून आम्ही मॅच एकत्रच बघतो, आता तो तिकडे, मी इकडे, फोन चालू ठेवून. मे २०२४ मध्ये शेवटच्या दिवशी एव्हर्टनला २-१ हरवूनसुद्धा लीगचं विजेतेपद मँचेस्टर सिटीकडे गेलं, ९१ विरुद्ध ८९ गुण. त्या रात्री आम्ही कितीतरी वेळ फोन ठेवलाच नाही. मॅच माझ्यासाठी दादाबरोबरची असते, नुसता निकाल कळून भागत नाही.

तेव्हा मंडळी, मॅच सोडा किंवा सायकल सोडा असं कृपया सांगू नका. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. झोपेचं गणित कसं बसवावं? आणि २०० च्या तयारीला इंदूरहून १३०-१५० किलोमीटरचा कुठला रस्ता घ्यावा? महेश्वर मनात आहे, पण परतीच्या घाटाची धास्ती वाटते.

प्रतिसाद (पुण्याहून)

मी रेकॉर्डिंगवाला आहे. शनिवारी दहाला झोप, रविवारी राईड, दुपारी जेवून मॅच. फुटबॉलच्या ॲपच्या सूचना बंद करायच्या आणि मॅच बघून होईपर्यंत मित्रांचा ग्रुप उघडायचा नाही. फोन मात्र विमान मोडवर टाकून हायवेला जाऊ नका, घरच्यांचा फोन लागायला हवा. दादांनाही रविवारी दुपारी बसवा की! दोघांनाही निकाल माहीत नसला तर मॅच ताजीच.

प्रतिसाद (ग्वाल्हेरहून)

ताई, मी साठी ओलांडलेला माणूस. २००, ३००, ४०० आणि ६०० च्या बीआरएम एकाच सीझनमध्ये करून सुपर रँडोनिअर हा किताब मिळवला आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

पहिलं काम, आर्सेनलचं वेळापत्रक आणि कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवा. दर शनिवारी अकराची मॅच तुमच्याच टीमची नसते. काही सहाला असतात, काही साडेआठला, काही रविवारी जातात. रविवारच्या मॅचेस हिवाळ्यात संध्याकाळी साडेसात आणि रात्री दहाला येतात, त्यांचा राईडला काहीच त्रास नाही. टीव्हीसाठी बदललेल्या वेळा काही आठवडे आधी जाहीर होतात. अकराच्या मॅचेस लाल पेनाने गोल करा, त्या रविवारी लांबची राईड ठेवूच नका. सात वाजता उठून पन्नास-साठ किलोमीटर फिरून या. लांबची राईड त्याच्या आधीच्या किंवा पुढच्या आठवड्यात. तयारीला दर आठवड्याला दीडशे लागत नाहीत, शरीराला मधे विसावा हवाच असतो.

दुसरं, झोप एका रात्रीत भरून निघत नाही. रविवारी लांब जायचं असेल तर बुधवारपासून रोज अर्धा-पाऊण तास लवकर आडवं व्हा. शनिवारी दुपारी जेवल्यावर झोपा, पण चारच्या आत उठा. मॅच बघताना चहा-कॉफी नको. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. साडेअकराला कॉफी घेतलीत तर पहाटे साडेचारलाही निम्मी अंगात असते, आणि मधली झोप वरवरची होते.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ढाब्यावर झोपलात ते उत्तम केलंत. डोळे जड झाले की उतरायचं, मग किती किलोमीटर राहिलेत ते बघायचं नाही. ४०० च्या वेळी मी बस थांब्याच्या बाकावर झोपलो आहे. २७ तास मिळतात त्याला, त्यातली वीस मिनिटं झोपेला दिली तर काही बिघडत नाही. गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं याने झोप जात नाही, चार-पाच किलोमीटर पुढे ढकलली जाते इतकंच, आणि तेवढ्यात ट्रक गाठतो.

प्रतिसाद (इंदूर, तिलकनगर)

रस्त्याचं मी सांगते. महेश्वर पहिल्याच लांब राईडला नको. जाताना मजा येते, कारण इंदूर साधारण साडेपाचशे मीटरवर आणि नर्मदा खाली दीडशेच्या आसपास. मानपूरपासून उतार लागतो. पण हे चारशे मीटर परतताना चढायचे असतात, तेही नव्वद-शंभर किलोमीटर झाल्यावर, भर दुपारी, ट्रकांच्या धुरात. महेश्वरला जायचं तर एक रात्र राहा, घाटावर निवांत बसा, दुसऱ्या दिवशी पहाटे चढा. खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे भेरू घाट उतरून बडवाह गाठलंत तरी परतीचं गणित तेच.

त्रिकोण करा: इंदूर, देवास, उज्जैन, इंदूर. साधारण १३० किलोमीटर, रस्ता जवळजवळ सपाट. इंदूर-देवास ट्रक खूप, म्हणून तो टप्पा पहाटे उरकायचा. देवासला पोहे खायचे. देवास ते उज्जैन रस्ता शेतांमधून जातो, थंडीत दोन्ही बाजूंना गहू-हरभरा, आणि पाय आपोआप लयीत येतात. उज्जैनहून इंदूरचा शेवटचा टप्पा ५५ किलोमीटर. हिवाळ्यात वारा उत्तरेकडून असला तर परतताना पाठीवर मिळतो. चढाईसाठी वेगळ्या दिवशी जानापाव. चंबळ उगम पावते ती टेकडी, महूच्या पुढे. मंदिरापर्यंत डांबरी रस्ता आहे आणि शेवटचा चढ असा आहे की श्वासाची खरी परीक्षा होते.

आणि खाण्याकडे लक्ष द्या. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. पहिल्या तासापासून ताशी तीस ते साठ ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस असतात. मी खिशात केळी आणि चिक्की ठेवते, पिशवीत दशम्या. दशमी दिवसभर मऊ राहते आणि दुधात भिजवलेली असल्यामुळे कोरडी लागत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्वाल्हेरच्या काकांचं लाल पेन लगेच अमलात आणलं. कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं आणि दादाला फोन लावला. अकराच्या मॅचेस वाटल्या होत्या तितक्या नाहीत. मधल्या वारी रात्री दीडच्या चॅम्पियन्स लीग मॅचेस आहेत, पण दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसायचं असतं, त्या मी आधीपासूनच सकाळी बघते.

त्रिकोणाची कल्पना फार आवडली. देवास-उज्जैन रस्त्याने मी कधीच सायकल नेलेली नाही.

तरी डिसेंबर-जानेवारीत एक गुंता उरतो. तेव्हा मॅचेसची दाटी होते, आणि मैत्रिणींना फक्त रविवारच मोकळा असतो. एक शाळेत शिकवते, दुसरीचं दुकान आहे.

प्रतिसाद (वडोद्याहून)

ताई, तुम्ही बँकेत आहात ना? मग दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा! लांब राईड शनिवारी पहाटे करा. शुक्रवारी रात्री सहसा तुमची मॅच नसते. दुपारी घरी, अंघोळ, जेवण, तीन तास झोप, आणि रात्री अकराला ताज्यातवान्या होऊन दादांबरोबर बसा. रविवारी उशिरापर्यंत लोळा. मीही बँकेतच आहे, इथे रावपुऱ्यात राहतो, आणि पावागढची राईड अशीच करतो.

जाता जाता, आपल्याला एक सुख आहे. शनिवारी तिकडच्या दुपारी तीनच्या मॅचेस खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर लाइव्ह दाखवत नाहीत, लोकांनी मैदानावर जावं म्हणून. आपण घरी बसून बघतो.

धागाकर्ती

हे उत्तर वाचून मी खुर्चीतून उठलेच! पण शनिवारी मैत्रिणी नाहीत, आणि अंधारात देवासच्या रस्त्यावर एकटीने जायचं नाही हे घरी आणि माझ्या मनातही पक्कं आहे. इंदूरमधल्या कुणाला शनिवारी जमतं का? वेग बेताचा, ताशी वीस-बावीस. वाटेत थांबायला माझी हरकत नाही, उलट आवडतं.

दादाशीही बोलले. ज्या रविवारी बीआरएम असेल त्याच्या आदल्या रात्रीची मॅच आम्ही दोघं बघणार नाही, सोमवारी संध्याकाळी सात वाजता एकत्र बघू. तोवर त्याने ऑफिसातल्या लिव्हरपूलवाल्यांपासून दूर राहायचं कबूल केलं आहे. तोच म्हणाला, मे २०२५ मध्ये आपल्या आर्सेनलच्या मुलींनी लिस्बनला बार्सेलोनाला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, ती फायनल मी प्रवासात होतो म्हणून तू माझ्यासाठी दुसऱ्या दिवशी परत बघितलीस, आता माझी पाळी.

प्रतिसाद (इंदूर, तिलकनगर)

शनिवारी मी मोकळी असते. शिवाय आमच्या इथले एक काका-काकू जोडीने सायकल चालवतात, तेही येतील, म्हणजे चौघं झालो. चौथ्या शनिवारी त्रिकोण करू. त्याआधी दुसऱ्या शनिवारी सुपर कॉरिडॉरवर साठ-सत्तर किलोमीटर एकत्र फिरू, म्हणजे एकमेकींची चाल कळेल. पुढचा-मागचा दिवा, चमकपट्ट्यांचं जॅकेट, दोन ट्यूब आणि पंप हवेच. बीआरएमला रात्रीच्या टप्प्यात दिवे आणि जॅकेट लागतंच, आत्तापासून सवय होऊ दे.

धागाकर्ती

येते! मागचा दिवा आहे, पण चार तासांत मान टाकतो. दिवसभर चालेल असा, पावसाचं पाणी लागलं तरी बिघडणार नाही असा दिवा कोण वापरतं? आणि तो सीटच्या दांड्याला लावावा की पिशवीला? माझी मागची पिशवी मोठी आहे, दिवा तिच्याआड जातो.

प्रतिसाद (ग्वाल्हेरहून)

दोन लावा. एक पिशवीच्या मागच्या पट्ट्याला, दुसरा मागच्या चाकाच्या वरच्या फोर्कला, म्हणजे पिशवी कितीही फुगली तरी तो दिसतो. एक एकसारखा जळणारा, दुसरा लुकलुकणारा. बॅटरी बदलता येईल असा निदान एक असू द्या, चार्जिंगचा वाटेत भरवसा नाही. आणि दुसऱ्या शनिवारी जाऊन आलात की त्रिकोणाच्या आधी इथे कळवा, देवासला किती वाजता पोहोचायचं ते हिशेबाने सांगतो.