बागेत कोणी काय शिकवले? – अनुभव धागा

दवबिंदू

गेले चार महिने मी मुलीकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आहे. परवाच्या रविवारी जावयांनी आम्हां सगळ्यांना बर्कलीच्या डोंगरावरील टिल्डन पार्कमध्ये नेले. तेथे वाफेच्या इंजिनाची एक चिमुकली गाडी चालते आणि तिच्यात मोठ्या माणसाला गुडघे पोटाशी घेऊन बसावे लागते. नातू पुढे आणि मी मागे असे बसलो, इंजिनाने शिट्टी दिली आणि माझ्या डोळ्यांसमोर पुण्याच्या पेशवे पार्कातली छोटी गाडी, फुलराणी, उभी राहिली. ही गाडी १९५२ सालची आणि आपली फुलराणी १९५६ सालची, म्हणजे दोघी एकाच पिढीतल्या. मी मात्र दोघींपेक्षा धाकटी आहे, हे नातवाला आवर्जून सांगितले. त्याचा विश्वास बसला नाही.

लिहायला बसण्याचे कारण गाडी नव्हे. परतताना उद्यानातला एक चांगला डांबरी रस्ता मोटारींना बंद केलेला दिसला. इकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि पाऊस सुरू झाला, की न्यूट नावाचे जीव अंडी घालण्यासाठी डोंगरउतारावरून पाण्याकडे निघतात. ते चाकांखाली सापडू नयेत, म्हणून १ नोव्हेंबरपासून ३१ मार्चपर्यंत तो रस्ता दरवर्षी मोटारींना बंद ठेवतात. न्यूट दिसायला पालीसारखा, पण नात्याने बेडकाचा चुलतभाऊ. उद्यानाची एक मार्गदर्शक पंधरा-वीस जणांना घेऊन त्या रस्त्याने चालली होती. आम्हीही मागे लागलो आणि कोणी पैसे विचारले नाहीत. एका ठिकाणी तिने हात वर करून सर्वांना थांबवले. ओल्या पानांतून एक तपकिरी न्यूट बाहेर आला, पुढचा पाय उचलून बराच वेळ तसाच राहिला, मग तो टेकवला आणि दुसरा उचलला. त्याच्या कातडीत विष असते, त्याला हात लावायचा नाही, असे तिने सांगितल्यामुळे मुले हात पाठीमागे बांधून उकिडवी बसली होती. रस्ता ओलांडून तो पलीकडच्या गवतात शिरेपर्यंत एकही मूल बोलले नाही.

मला आमच्या पेठेजवळच्या बागेतले माळीकाका आठवले. कैलासपतीचे गळून पडलेले फूल ते आमच्या ओंजळीत देत आणि फण्यासारखा भाग बोटाने अलगद उचलून आतली पिंड दाखवत. कोणी फूल तोडलेले दिसले, तर तेच काका कान पिळत. उपक्रम हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नसेल. शाळा सुटली की आठ-दहा मुले त्यांच्याभोवती असत, एवढेच.

सार्वजनिक बागेत, मैदानावर किंवा राखीव वनात तुम्हांला कोणी काही दाखवले, शिकवले वा खेळवले असेल, तर ते येथे लिहावे. केवळ भेळ खाल्ल्याच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

कट्टेकर

शिवाजी पार्क. दुसरे काय लिहिणार? त्या २८ एकरांत प्रत्येकाला कोणीतरी काहीतरी शिकवलेले असते, निदान चेंडू आणून देणे तरी. मला मल्लखांब शिकवला. आईने उन्हाळ्याच्या सुट्टीत 'घरात धुडगूस नको' या एकाच हेतूने समर्थ व्यायाम मंदिरात नाव घातले होते. पहिले आठ दिवस मी खांबाला फक्त मिठी मारून घसरत होतो. खांबाला एरंडेल लावलेले असते, त्यामुळे हाताला, मांड्यांना आणि घरी आल्यावर गादीलाही त्याचा वास येई. नवव्या दिवशी शिकवणाऱ्या दादांनी माझी टाच धरून योग्य जागी दाबली आणि 'आता सोड' म्हणाले. मी हात सोडले आणि पडलो नाही. उलटे लटकून मी पहिल्यांदा पार्क पाहिला : वर माती, खाली आभाळ आणि मधे आईच्या चपला. मी ओरडून तिला हाक मारली, तर ती शेजारणीशी बोलत होती.

दोन_पोरांची_आई

दवबिंदूताई, भेळेवर बंदी घातल्यास सारसबागेविषयी लिहिण्यासारखे माझ्याकडे फारसे उरत नाही. पोळ्या लाटून झाल्यावर आठवून पाहते.

रानवाट

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलते, ती आठ वर्षांतून एकदा. २००८ साली मी महाविद्यालयात होते आणि बाबांनी वर्तमानपत्रातली सूचना वाचून उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्राच्या सहलीत आम्हां दोघांची नावे दिली. बाबांना झाडांतले काही कळत नसे. त्यांना फुकट किंवा स्वस्त असलेली कोणतीही गोष्ट चुकवायची नसे. पहाटे दारात रांग, मग चिखलातली चढण, घसरणारे बूट आणि मग अचानक दोन्ही बाजूंना डोक्याच्याही वर गेलेली निळी-जांभळी झुडपे. फुलापेक्षा आवाज लक्षात आहे. इतक्या मधमाश्या होत्या, की पुढे चालणाऱ्या मार्गदर्शकाचे बोलणे मागे पोहोचत नव्हते. कारवी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते, आणि तिच्या वाळलेल्या काठ्यांनी कुडाच्या भिंती उभारतात, हे त्यांनी एक वाळकी काठी हातात देऊन सांगितले. उद्यानात वारल्यांचे पाडे आहेत, हे मी जन्मभर बोरिवलीत राहून त्या दिवशी प्रथम ऐकले, याची लाज वाटली.

२०१६ साली नवऱ्याला घेऊन गेले. त्याने 'फुले आहेत, छान आहेत' असा अभिप्राय दिला. २०२४ साली मुलीला घेऊन गेले. ती सात वर्षांची होती. 'मागच्या वेळी मी कुठे होते?' असे तिने विचारले आणि 'पुढच्या वेळी मी किती वर्षांची असेन?' हा हिशेब स्वतःच बोटांवर केला. बाबांनी २००८ साली आणलेली ती काठी अजून माळ्यावर आहे आणि आई दर दिवाळीला ती टाकून द्यायला निघते.

शंकासूर

@रानवाट, म्हणजे पुढची कारवी २०३२ साली. नाव आत्ताच नोंदवता येईल काय?

रानवाट

नाही. पण शिलोंढ्याच्या पायवाटेवर एरवीही माहिती केंद्राच्या माणसांबरोबर जावे. ओढ्याकाठी थांबवून ते एवढे दाखवतात, की दोन तासांत जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटर चालणे होते. व्यायाम म्हणून जाणाऱ्यांचा विरस होतो.

शिट्टीग्रस्त

सर्वांचे अनुभव गोड आहेत, म्हणून एक कडू लिहितो. आमच्या भागातल्या बागेत (शहराचे नाव लिहीत नाही) मी आणि दोन मित्र मुलांना लगोरी शिकवायला दर शनिवारी जात असू. सात फरश्यांचे तुकडे, एक रबरी चेंडू, एवढेच साहित्य. तिसऱ्या शनिवारी रखवालदाराने शिट्टी वाजवली : हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. आम्ही फरसबंदीवर आलो, तर तेथे चालणाऱ्यांना अडथळा होतो म्हणून दुसरी शिट्टी. वाळूत गेलो, तर ती बारा वर्षांखालील मुलांसाठी होती आणि शिकवणारे आम्ही चाळिशीतले. शेवटी कार्यालयात अर्ज दिला. 'लगोरी' हा प्रकार कोणत्या रकान्यात बसतो, असा प्रश्न तेथे आला आणि अर्ज अजून तेथेच बसलेला आहे. रखवालदार मात्र सज्जन होता. त्याची पाळी संपल्यावर त्याने स्वतः चेंडू मागून एक नेम मारला आणि पहिल्या फटक्यात सातही तुकडे पाडले.

संत्रानगरी

'कोणत्या रकान्यात बसतो' वाचून चहा सांडला. आमच्या नागपुरात महाराजबाग कृषी महाविद्यालयाच्या ताब्यात आहे, त्यामुळे तेथे फिरताना शेतीचे विद्यार्थी भेटतात. एकाने मला कुंडीतल्या संत्र्याच्या रोपावर डोळा बांधून कलम कसे करतात ते उभ्या उभ्या दाखवले होते. सालीवर टी अक्षरासारखी चीर, तीत डोळा सरकवायचा आणि वरून पट्टी. मी घरी येऊन तीन रोपांवर प्रयोग केला आणि तिन्ही रोपे गेली. दोष शिकवणाऱ्याचा नव्हता.

पूर्वखाडी

दवबिंदूकाकू, तुम्ही फ्रीमाँटला आहात हे वाचून आनंद झाला. मी शेजारच्या नेवार्कला राहतो. टिल्डन ज्या प्रादेशिक उद्यान मंडळाचे आहे, त्याची जन्मकथा मला नेहमी चकित करते. १९३४ साल, महामंदी ऐन भरात, लोकांना नोकऱ्या नाहीत आणि तशात येथल्या मतदारांनी मतपेटीतून स्वतःवर कर लावून घेतला, तो उद्यानांसाठी. त्यातून सुरू झालेला पसारा आज ७० हून अधिक उद्यानांचा झाला आहे. पाणीपुरवठ्याच्या मंडळाकडे डोंगरात जादा झालेली जमीन होती, ती बिल्डरांकडे न जाता लोकांना फिरायला मिळाली, हे मूळ.

आता अनुभव. माझे आई-बाबा दर हिवाळ्यात येतात. बाबांना मोटार चालवता येत नाही, आम्ही दोघे कामावर, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात ते भिंतीवरचे घड्याळ दुरुस्त करायला काढतात, मग ते बिघडलेले असो वा नसो. एका शनिवारी त्यांना कायोटी हिल्सला नेले. तेथे ओलोनी या मूळ रहिवाशांच्या जुन्या वस्तीची जागा आहे आणि त्यांची कामे उद्यानातले मार्गदर्शक करून दाखवतात. त्या दिवशी टूली नावाच्या पाणगवताची चटई विणणे चालू होते. हे गवत आपल्या लव्हाळ्याच्या कुळातले आहे. ओलोनी त्याच्या होड्याही बांधत आणि झोपड्याही शाकारत. बाबा गुहागरचे. त्यांनी पाच मिनिटे पाहिले, माझ्याकडे वळून 'हा बांधतो आहे ते सैल राहील' असे मराठीत म्हणाले आणि मी थांबवण्यापूर्वी जमिनीवर मांडी घालून बसले. नारळाच्या झावळ्यांचे झाप त्यांनी लहानपणी पावसाळ्याआधी शेकड्यांनी विणले होते. मार्गदर्शक तरुणाने त्यांच्यापुढे गवताची पेंढी सरकवली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. 'नो, नो' आणि 'हां, असं' एवढ्यावर पाऊण तास गेला. चटईचा अर्धा भाग ओलोनी पद्धतीचा आणि अर्धा गुहागरी झाला. मार्गदर्शकाने नंतर प्रामाणिकपणे सांगितले, की प्रदर्शनात ती ठेवता येणार नाही. बाबांनी ती घरी आणली आणि घड्याळ वाचले.

दोन_पोरांची_आई

पोळ्या झाल्या. 'अर्धा गुहागरी' फारच आवडले. मला आठवले ते असे, की आमच्या सासूबाई गुडघ्यांच्या दुखण्याने घराबाहेर पडत नसत. बागेतल्या हास्यक्लबात शेजारच्या काकूंनी त्यांना जवळजवळ ओढून नेले. डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन हे सुरू केले आणि पाहता पाहता बागोबागी पसरले. सासूबाईंना खोटे हसणे मुळीच मान्य नव्हते. त्या पंधरा दिवस नुसत्या उभ्या राहिल्या. मग एके सकाळी समोरच्या आजोबांची कवळी हसताना हातात आली. त्या दिवसापासून सासूबाई एकही दिवस चुकवत नाहीत. आजोबाही चुकवत नाहीत, हे विशेष.

भायखळा_लोकल

राणीच्या बागेविषयी कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. माझी आई लालबागची. लहानपणी हत्ती, नंतर आम्हांला हत्ती दाखवणे आणि अलीकडे नातवंडांना पेंग्विन दाखवणे, एवढाच तिचा त्या बागेशी संबंध. १८६२ साली लोकांना खुली झालेली ही बाग मुळात झाडांची आहे, हे तिला साठीनंतर कळले, तेही तेथे रविवारी सकाळी झाडे दाखवत फिरणाऱ्या हौशी मंडळींमुळे. मी तिला सोबत म्हणून गेलो होतो आणि कंटाळण्याची पूर्ण तयारी केली होती. गोरखचिंचेच्या खोडाला सगळ्यांनी हात धरून वेढा घातला, तेथवर ठीक होते. मग उर्वशीच्या झाडाखाली नेले. लांब देठांवर खाली लोंबणारे लाल झुबके, प्रत्येक फुलावर पिवळा ठिपका. झाड मूळचे म्यानमारचे. आई बराच वेळ वर पाहत उभी राहिली आणि म्हणाली, 'साठ वर्षे मी याच्या खालून हत्तीकडे जात होते.' गट पुढे गेला तरी ती हलेना, म्हणून आम्ही दोघे मागे राहिलो आणि पुढची सगळी झाडे हुकली. राहिलेली झाडे पाहायला पुढच्या आठवड्यात सुट्टी काढून गेलो, तो बुधवार निघाला आणि बुधवारी बाग बंद असते.

दवबिंदू

सर्वांचे प्रतिसाद आज मुलीला मोठ्याने वाचून दाखवले. भायखळा_लोकल, आईंना माझा नमस्कार सांगावा. पूर्वखाडी, तुमचे बाबा अद्याप येथे असतील, तर कायोटी हिल्सला आम्हांलाही यायचे आहे. मला झाप विणता येत नाहीत, पण केरसुणी बांधता येते. शिट्टीग्रस्त, लगोरीचे सात तुकडे सांभाळून ठेवावेत, मी एप्रिलमध्ये पुण्यात परतते आहे.

एक गोष्ट राहिली. नातवाने काल शाळेत न्यूटविषयी सांगितले आणि त्याच्या बाईंनी 'हे तुला कोणी दाखवले?' असे विचारले, तर त्याने माळीकाकांचे नाव सांगितले. आता त्या बाईंना काय समजावायचे, हे मला सुचत नाही.

पूर्वखाडी

काकू, बाबा येथेच आहेत आणि केरसुणीचे ऐकून उठून बसले आहेत. झावळ्यांचे हीर कुठून आणायचे, असे विचारत आहेत. शनिवारी सकाळी दहाला वाहनतळापाशी भेटू.