मदत हवी आहे: मऊ जमिनीवर मोटरसायकल स्टँडला कशी लावायची?

नवशिकी:
नमस्कार मंडळी. स्कूटर सोडून नुकतीच मोटरसायकलवर आले आहे. चालवण्याची भीती गेली, पण गाडी उभी करायची वेळ आली की पोटात गोळा येतो. रोज जिथे लावते ती जागा मातीची आहे. वरून कोरडी दिसते, पण साइड स्टँड टेकवला की टोक हळूहळू आत जातं आणि गाडी डावीकडे कलतच राहते. मेन स्टँड आहे, पण मातीत त्यावर कितीही जोर दिला तरी मागचं चाक उचललं जात नाही.

विचारायचं ते असं: स्टँडखाली नेमकं काय ठेवावं? मी निघून गेल्यावर गाडी पडणार नाही हे आधी कसं ओळखावं? आणि पडलीच, तर दीडशे किलोंचं धूड एकटीने उचलता येतं का?

कृपया "सवय होईल" एवढंच उत्तर देऊ नका. ते घरचे रोज देतात.

गिअरबदल:
सगळा घोळ टोकाच्या आकाराचा आहे. समजा स्टँडवर २० किलो भार येतो आणि टोक जमिनीला १० चौरस सेंटिमीटर टेकतं, तर दर चौरस सेंटिमीटरला २ किलो दाब पडला. त्याखाली १० बाय १० सेंटिमीटरची कडक पट्टी सरकवा, तोच दाब ०.२ किलोवर येतो. भार तेवढाच, पण माती आता तो सोसते.

म्हणून पट्टी न वाकणारी हवी. पत्र्याचा जाड तुकडा, लाकडी फळकुट, चपटा दगड, काहीही चालेल. डब्याचं पातळ प्लास्टिक झाकण नको, मधोमध भार आला की ते वाकतं नाहीतर चिरतं, आणि ओल्यात घसरतं. स्टँडच्या टोकाला कायमची बसवायची रुंद प्लेटही मिळते. ती घेताना स्टँड वर घेतल्यावर कुठे अडकत नाही ना, एवढं बघा.

पट्टीला भोक पाडून दोरी बांधा आणि दुसरं टोक हँडलला अडकवा. निघताना बसल्या जागेवरून पट्टी वर ओढता येते. नाहीतर ती तिथेच विसरणार, हे ठरलेलं.

पायवाट:
वरचं सगळं पटलं, फक्त एक भर. चाकंसुद्धा रुततात! स्टँडखाली मोठी पट्टी आणि चाकं चिखलात, असं झालं की चाकं खाली जातात, स्टँड जागेवर राहतो आणि गाडी सरळ होत होत उजवीकडे कलंडते. डावीकडचं कलणं लगेच लक्षात येतं, हे येत नाही. त्यामुळे चाकं त्यातल्या त्यात घट्ट जमिनीवर येतील अशी जागा आधी शोधा, पट्टीचा विचार नंतर.

जागा तपासायला बुटाची टाच पुरते. सगळं वजन एका टाचेवर टाका. खड्डा पडला तर तिथे गाडी नको. आणि आभाळ भरून आलं असेल तर आत्ताची जमीन धरूच नका, पाऊस पडून गेल्यावर तीच माती कशी असेल ते धरा.

स्टँड लावल्यावर लगेच पाठ फिरवू नका. हँडल पूर्ण डावीकडे वळवा, गाडी हलकेच डोलवून बघा, मग हेल्मेट-हातमोजे काढेपर्यंत शेजारी उभ्या राहा. तेवढ्या वेळातही कलणं वाढत असेल तर जागा बदला.

नवशिकी:
उजवीकडचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार! जागेला थोडा उतारही आहे. तोंड कुठे ठेवायचं? आणि मेन स्टँडचं काय?

गिअरबदल:
तोंड चढाकडे. इंजिन बंद करून पहिला गिअर टाका, गाडी मागे सरकून गिअरला अडेपर्यंत सोडा, मग स्टँड लावा. तोंड उताराकडे असेल आणि गाडी पुढे सरकली, तर साइड स्टँड मागे दुमडतो. न्यूट्रलमध्ये तर हे व्हायला एक धक्का पुरतो. उतार आडवा असेल तर ती जागा सोडाच. डावी बाजू वर आली तर गाडी जवळपास सरळ उभी राहते, खाली गेली तर स्टँडवरचा भार वाढतो.

मेन स्टँड कडक, सपाट जागेवर उत्तम. मातीत त्याचे दोन्ही पाय रुततात, म्हणून चाक उचलत नाही. तुमची ताकद कमी पडते असं नाही. दोन्ही पाय मावतील अशी लांब फळी असेल तरच तिथे त्याच्या वाटेला जा.

रानवारा:
उचलण्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आधी इंजिन बंद, पेट्रोल गळतंय का ते बघा. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड उघडा आणि शक्य असेल तर गिअरमध्ये टाका, म्हणजे सरळ झाल्यावर पलीकडे जाणार नाही. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबरेखालचा भाग टेकवा, एक हात हँडलच्या मुठीवर, दुसरा मागच्या दांडीवर किंवा फ्रेमवर. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत जा. हातांनी खेचायला गेलात तर कंबर धरेल. अर्थात पायाखालीच चिखल असेल तर ही युक्ती नको, कुणाला तरी हाक मारा.

नवशिकी:
फळकुट मिळालं, भोक पाडून दोरीही बांधली. कडक उन्हात डांबरावरही हेच करायचं का?

पायवाट:
हो. तापलेलं डांबर मऊ पडतं आणि स्टँडचं टोक त्यात उतरतं. तिथेही तेच फळकुट घाला.