मदत हवी आहे : अण्णांच्या आठवणींची पुस्तिका, मोडी आणि जुन्या कॅसेट

नमस्कार मंडळी. आमचे आजोबा, सगळ्या वाड्याचे अण्णा, गेल्या वर्षी ९६व्या वर्षी गेले. उमेदीची सगळी वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये (नोटांच्या, तिकिटांच्या नव्हे, हे ते प्रत्येकाला बजावून सांगत). तीन बहिणींची लग्नं, दोन पुतण्यांची शिक्षणं त्याच पगारात. स्वतःसाठी काय घेतलं म्हणाल तर एक सायकल आणि सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी.

वर्षश्राद्धाला घरापुरती छोटी पुस्तिका काढायची आहे. अडचणी दोन.

पहिली, वंशावळ. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे मूळ गाव आणि आडनावावरून जुन्या नामावळ्या सापडतात, हे माहीत आहे. पण आमचे उपाध्ये कोण, हे फक्त अण्णांना ठाऊक होतं. आम्ही कुणी कधी विचारलंच नाही. मूळ गाव सिन्नर तालुक्यातलं आहे. तिकडच्या घराण्यांच्या वह्या कोणाकडे आहेत? जुन्या नोंदी मोडीत असल्या तर नाशकात वाचून देणारं कोणी आहे का?

दुसरी, कॅसेट. १९९१च्या सिंहस्थात काकाने अण्णांना बोलतं करून रेकॉर्ड केलं होतं. आता फीत आतल्या आत चिकटली आहे. घरी उलगडायला जावं तर तुटेल अशी भीती वाटते. नाशिक किंवा पुण्यात खात्रीने काम करणारं कोणी? पैशांचा प्रश्न नाही, पण कॅसेट कुरियरने पाठवायची आईची तयारी नाही.

स्वतःचा अनुभव असेल तर जरूर सांगा.